खुणा करणारा कर्मचारी, प्लॉट चौदा

तपासणीला जायच्या महिनाभर आधी आम्ही कंपनीला तारीख कळवतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा नवरा पोट धरून हसला होता. "म्हणजे चोराला आधी फोन करून जायचं," तो म्हणाला. मी त्याला समजावलं की ही काही पोलिसांची धाड नव्हे. जंगल नीट राखून लाकूड तोडतो, असं प्रमाणपत्र घ्यायची कोणावर सक्ती नसते. लाकूड कंपन्या ते आपणहून मागतात, कारण मोठी गिऱ्हाइकं शिक्का असल्याशिवाय माल उचलत नाहीत. आम्हाला बोलावतात त्याच आणि आमची फी भरतात त्याही त्याच. हे शेवटचं वाक्य मी जरा भरभर म्हणाले. अकरा वर्षं हे काम करतेय, ते वाक्य अजून भरभरच म्हणते.

त्या कंपनीत आम्ही दोघं गेलो होतो. मी आणि आमचे मुख्य तपासनीस. त्यांना ऑफिसात सगळे पाठीमागे 'किरकोळ सर' म्हणतात. आमच्या नियमावलीत दोषाचे दोनच प्रकार आहेत, किरकोळ आणि गंभीर. गंभीर दोष निघाला तर प्रमाणपत्र लटकतं. किरकोळ निघाला तर कंपनी एक कागद पाठवते आणि विषय मिटतो. सरांच्या तीस वर्षांच्या नोकरीत जगात काहीही गंभीर घडलेलं नाही.

कंपनीकडून आमच्या दिमतीला त्यांचा प्रमाणपत्र अधिकारी होता. मी त्याचं नाव मनातल्या मनात फोल्डरराव ठेवलं. काहीही विचारा, त्याचा फोल्डर तयार. ओढ्यांचे नकाशे निळ्या फोल्डरात, कामगारांचं प्रशिक्षण हिरव्यात, पक्षी पिवळ्यात. सभागृहात त्याने आम्हाला पडद्यावर दीड तास जंगल दाखवलं. प्रत्येक चित्रात ऊन पानांतून तिरपं पडलेलं, आणि प्रत्येक चित्रात हेल्मेट घातलेला एक माणूस झाडाकडे कौतुकाने बघतोय. मी जांभई दाबली. सर मान डोलवत होते.

दुपारी त्याने आम्हाला 'पाहणी वाटेवर' नेलं. दर वर्षी तपासनिसांना तिथेच नेतात, हे मला मागचे अहवाल चाळताना कळलं होतं. पाच वर्षांच्या फोटोंत तोच वाकडा बुंधा होता. वाट झाडलेली होती. जंगलातली वाट झाडलेली! दोन्ही बाजूंच्या झाडांवर पक्ष्यांसाठी लाकडी घरटी ठोकलेली, खिळे नवेकोरे, चकाकणारे. एका घरट्याचं भोक चक्क बुंध्याकडे तोंड करून होतं. त्यात शिरायला पक्ष्याला आधी झाड पोखरावं लागलं असतं. मी ते दाखवलं तर फोल्डरराव जराही न ओशाळता म्हणाला, "काही जातींना आडोसा आवडतो." सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मला तिथेच शिसारी आली, पण ती रोजच्यासारखी होती, गिळता येण्याजोगी.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाला पेटले. नियमाप्रमाणे काही प्लॉट तपासनिसाने स्वतः निवडायचे असतात. मी यादीवर बोट ठेवलं, चौदा नंबर. फोल्डररावाचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. रस्ता खराब आहे, चिखल आहे, मॅडमना त्रास होईल. मॅडमना त्रास चालेल, मी म्हटलं. सरांची कंबर धरली होती, ते गेस्ट हाउसवर थांबले.

जीपमध्ये आमच्याबरोबर खुणा करणारे काका होते. तोडायच्या झाडाला लाल रंगाचं कडं आणि राखायच्या झाडाला पांढरा पट्टा, हे त्यांचं काम. त्यांनी लाल रंगवलं की झाड पडणार, पांढरं रंगवलं की वाचणार. त्या अख्ख्या विभागात हे काम करणारे ते एकटेच. पंचावन्नच्या आसपासचे, कमी बोलणारे. नखांच्या कडेला लाल रंग इतका मुरलेला की तो आता धुऊन जाणार नव्हता. जुजबी बोलणं झालं. कंपनीच्याच क्वार्टरमध्ये राहतात, घरात बायको आणि अंथरुणाला खिळलेली सासू. "सासूबाईंचं सगळं मीच करतो," ते म्हणाले. "हिची पाठ गेलीय. सासूबाई हिला शिव्या घालतात, मला मात्र देवमाणूस म्हणतात." आणि स्वतःच हसले.

चौदा नंबरमधून ओढा वाहतो. ओढ्याच्या दोन्ही काठांना वीस-वीस मीटर एकही झाड तोडायचं नाही, हा आमच्या नियमावलीतला अगदी सरळ नियम आहे. मुळं माती धरून ठेवतात, पाणी स्वच्छ राहतं, लहान मुलालाही कळेल. काठावरच्या झाडांवर पांढरे पट्टे होते. सगळं ठीक दिसत होतं. मी एका झाडाला टेकले आणि हात चिकटला. तळवा पांढरा झाला होता. रंग अजून ओला होता.

मी टेप काढला. पाण्यापासून शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत वीसऐवजी जेमतेम सात मीटर.

कामगारांशी बोलताना साहेब लोकांनी दूर राहायचं, असा नियम आहे. फोल्डररावाने तो तंतोतंत पाळला. तो चाळीस पावलं लांब जीपपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. पण जीपचा आरसा त्याने नीट वळवून घेतला, ते मी पाहिलं. मी काकांना एका मोठ्या खोडाच्या आड नेलं.

"काका, हे पट्टे कधी मारले?"

त्यांनी उलट विचारलं, "मॅडम, तुम्ही हे लिहिणार?"

"लिहिणार. पण तुमचं नाव कुठेही येणार नाही. आमच्याकडे गोपनीयतेचा नियम आहे. शब्द देते."

"नाव आलं तर नोकरी जाईल. नोकरी गेली की क्वार्टर जाईल. त्या म्हातारीला कॉटसकट कुठे नेऊ मी?" ते माझ्याकडे बघत होते. "मला हे एवढंच काम येतं."

"शब्द दिला ना," मी म्हटलं. माझा मलाच केवढा अभिमान वाटला तेव्हा!

ते पुढे झाले आणि बुटाच्या टोकाने पालापाचोळा बाजूला केला. खाली बुंधा होता, जमिनीलगत कापलेला, वर माती लोटून शेवाळ थापलेलं. तीन पावलांवर दुसरा. मग तिसरा. मी मोजत गेले, एकोणीस झाले. दोघांच्या कवेत मावणार नाहीत असे बुंधे. "वरून हुकूम आला, लाल मार," काका म्हणाले. "मी म्हटलं, ही राखीव पट्ट्यातली आहेत. म्हणाले, पट्टा सरकव. तुम्ही येणार म्हणून काल मला पाठवलं, पाण्याजवळच्या काटक्यांना पांढरं मारायला." त्यांनी एका बुंध्यावर हात फिरवला. "ही मी वीस वर्षं राखलेली. दर दोन वर्षांनी माझ्याच हाताने पांढरा द्यायचो." खाली ओढ्याचं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं.

संध्याकाळी मी सरांसमोर फोटो टाकले. "एकोणीस झाडं, सर. वर लपवाछपवी. हे गंभीर आहे." सरांनी चष्मा पुसला. गंभीर म्हटलं की प्रमाणपत्र लटकणार, तीनशे माणसांची कामं थांबणार, कंपनी पुढच्या वेळी दुसऱ्या संस्थेकडे जाणार, आणि ती दुसरी संस्था तर ओढासुद्धा बघणार नाही. हे सगळं ते इतक्या मायेने सांगत होते की मला त्यांचा गळा धरावासा वाटला. शेवटी तडजोड झाली. दोष किरकोळच, पण पुरावा मी लिहायचा आणि त्यात काटछाट होणार नाही. लढाई मारून आल्यासारखी मी खोलीवर गेले आणि मन लावून तो परिच्छेद लिहिला.

मी चांगलं लिहिते. आमच्या संस्थेत माझ्या पुराव्यांचं नाव आहे. आम्हाला शिकवलेलंच असतं तसं. नुसतं 'असं समजलं' चालत नाही. कुठे, कधी, कोणाकडून, सगळं असं लिहायचं की तिसऱ्या माणसाला पडताळता आलं पाहिजे. मी लिहिलं: 'प्लॉट १४, ओढ्याचा पूर्व काठ, दुपारी २.४०. खुणा करणाऱ्या अनुभवी कर्मचाऱ्याने गोपनीय मुलाखतीत सांगितले की वरिष्ठांच्या सूचनेवरून राखीव पट्ट्यात तोडीच्या खुणा करण्यात आल्या.' नाव नाही. नियम पाळला. अहवाल गेला.

त्यानंतर दीडेक महिन्याने रविवारी आम्ही नणंदबाईंकडे जेवायला गेलो. त्यांनी नवं टेबल घेतलं होतं आणि आम्हाला जेवायला कमी, टेबल बघायला जास्त बोलावलं होतं. टेबलाखाली चिकटवलेला झाडाचा शिक्का त्यांनी मला वाकून बघायला लावला. "तुझ्याच खात्यातला ना गं? म्हणून मुद्दाम हेच घेतलं. मनाला बरं वाटतं." मी वाकले, पाहिलं, छान म्हटलं. जेवताना नवऱ्याने विषय काढला. हिने कशी कंपनीला पकडली, कसा रंग हाताला लागला. मीही फुशारून सांगू लागले, परिच्छेद जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवला.

नवरा सहज म्हणाला, "तिथे असे खुणा करणारे किती जण असतात?"

"एकच," मी म्हटलं.

घास तोंडातच राहिला. नवऱ्याने भुवया उंचावल्या आणि लगेच मान खाली घातली. अकरा वर्षांत एकदाही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नाव लिहायचं नाही एवढंच डोक्यात पक्कं, आणि नाव सोडून बाकी सगळं मी कोरून कोरून लिहिलं होतं. त्यांच्या घरचा पत्ता तेवढा द्यायचा राहिला होता. मी उठून नणंदबाईंच्या बेसिनपाशी गेले आणि घास थुंकला.

सोमवारी मी सरांना गाठलं. त्यांनी अहवाल काढून परिच्छेद वाचला. "नाव कुठे आहे? नियम पाळलायस तू. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस." वर म्हणाले, "उलट हा परिच्छेद मी नव्या तपासनिसांच्या प्रशिक्षणात नमुना म्हणून घातलाय." मी कंपनीत फोन लावला, तर फोल्डरराव मधाळ आवाजात म्हणाला की दोष दूर करायचं काम जोरात चालू आहे, कागद लवकरच येतील.

कागद आले. फोल्डर लाल होता. दोषाचं मूळ कारण: खुणा करणाऱ्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. उपाय: संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले, नव्या कर्मचाऱ्यास प्रशिक्षण दिले. पुरावा: कामावरून कमी केल्याचं पत्र, सही-शिक्क्यासह. प्रशिक्षणाचा फोटोही जोडलेला, हेल्मेट घातलेला एक तरुण झाडाकडे कौतुकाने बघतोय.

त्या एकोणीस झाडांचा हुकूम देणारा कोण, याबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि नियमावलीच्या दृष्टीने त्या फोल्डरात काहीही कमी नव्हतं. मूळ कारण होतं, उपाय होता, पुरावा होता. मला फक्त खाली सही करून 'दोष मिटला' असं लिहायचं होतं. माझ्याच परिच्छेदाने त्या माणसाची नोकरी खाल्ली होती आणि ती नोकरी गेल्याचाच कागद पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवला होता. अंगावर काहीतरी ओलं, चिकट पडल्यासारखं वाटत होतं.

पण एक वाट होती. आमच्या नियमावलीत हेही लिहिलंय की तपासनिसाशी बोलल्याबद्दल कामगाराला त्रास दिला तर तो गंभीर दोष. तिथे किरकोळ सरांचंही काही चालणार नव्हतं. मी पडताळणीच्या नावाखाली एक दिवसाचा दौरा काढला आणि एकटीच गेले.

गेटजवळच्या सूचना फलकावर माझा अहवाल लावलेला होता. कामगारांना कळेल अशा भाषेत सारांश लावायचा, हाही आमचाच नियम. माझ्या परिच्छेदाखाली कोणीतरी पेन्सिलने रेघ ओढली होती. दोन ड्रायव्हर तिथे चहा पीत होते. मला पाहून त्यांनी कप ठेवले आणि कामाला लागले. नवा खुणावाला भेटला. मी नुसतं "कसं चाललंय?" विचारलं, तर तो पाठ केल्यासारखा म्हणाला, "सगळं नियमाने चालतं, मॅडम."

क्वार्टर्स मागच्या बाजूला होती. काकांच्या दारात टेम्पो उभा होता. गाद्या चढल्या होत्या, पंखा चढला होता, एक कपाट दोरीने बांधलं होतं. कॉट मात्र अजून आत होती आणि कॉटवरची म्हातारी मोठमोठ्याने विचारत होती, "मला कुठे नेताय? जावई कुठे आहेत? जावयांना बोलवा!" काकांच्या बायकोने मला दारात पाहिलं, मी कोण ते ताडलं, आणि आत जाऊन पडदा ओढला.

काका बाहेर आले. हात पुसत होते. मी आधी माफी मागितली. पाठ करून आणलेली वाक्यं होती, ती सगळी विसरले आणि नुसतं "चुकलं माझं" म्हटलं.

"तुम्ही नाव नव्हतं लिहिलं," ते म्हणाले. "मी वाचलं ना फलकावर."

ते टोमणा मारत असते तर बरं झालं असतं. ते खरंच माझी बाजू घेत होते. मी घाईघाईने सगळं सांगितलं. हा गंभीर दोष होऊ शकतो, कंपनीला त्यांना परत घ्यावं लागेल, प्रमाणपत्र वाचवायचं तर घ्यावंच लागेल. फक्त त्यांनी मला एवढंच सांगायला हवं की तपासनिसाला बुंधे दाखवले म्हणून काढलं. एक वाक्य. मी वही उघडली, पेन काढलं.

ते वहीकडे बघत राहिले.

"तारीख टाकाल?"

"टाकावी लागेल."

"आणि कुठे, कोणी?"

मी मान डोलावली.

"मॅडम, मी तुम्हाला काही दाखवलं नाही," ते म्हणाले. आवाज शांत होता. "खुणा माझ्याच चुकल्या. तसं लिहून दिलंय मी. त्या बदल्यात अनुभवाचा दाखला मिळालाय, चांगला दिलाय. त्यावर पलीकडच्या कंपनीत काम लागतंय. खोली पण देतायत, तळमजल्यावर. म्हातारीला बरं पडेल."

"पण काका, हे खोटं आहे."

"हो," ते म्हणाले. "पण खोली खरी आहे ना."

आतून म्हातारीने पुन्हा हाक मारली. ते वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. आता पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"त्या कंपनीला पण तुमचंच सर्टिफिकेट आहे म्हणे. तपासणीला तुम्ही येता का तिथे?"

"कधी कधी," मी म्हटलं.

"आलात तर मला ओळख दाखवू नका," ते म्हणाले. "एवढं करा माझ्यासाठी."

मी हो म्हटलं. त्यांनी आत जाऊन म्हातारीला उचललं, लहान मुलाला घेतात तसं, आणि ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "ही कोण?" काका म्हणाले, "कोणी नाही. ऑफिसातली आहे."

फोल्डररावाच्या खोलीत चहा तयार होता. लाल फोल्डर टेबलावर उघडून ठेवलेला, पेन आडवं ठेवलेलं. पुराव्याशिवाय मला गंभीर काय, किरकोळही काही लिहिता येत नव्हतं. मी 'दोष मिटला' असं लिहिलं आणि सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं होतं, आणि त्या अक्षराची मला अशी किळस आली की चहाचा कप हातात धरवेना.